समोरची नळी

माझ्या नातीला आम्ही घरात भिंगरी म्हणतो. वाटी, झाकण, गाडीचं चाक, हाती येईल ते ती फिरवते आणि बघत बसते. सात वर्षांची आहे, स्वमग्न आहे. दिवसभरात चार शब्द बोलली तरी आम्हाला खूप. खाते ते फक्त पांढरं: भात, दूध, सोललेलं केळं. झोपेत सारखी पाय झाडते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, रक्तात लोह किती आणि जीवनसत्त्वं किती हे बघितल्याशिवाय अंदाजाने औषध देणार नाही.

दोनदा चौघांनी धरलं, तरी रक्त निघालं नाही. आता नाही जमलं तर भूल द्यायची असं ठरलं होतं. तेव्हापासून माझी लेक धड जेवत नव्हती. तिसऱ्यांदा रक्त तपासणीच्या ठिकाणी आलो, तर ती दारातच थांबली.

"आई, तूच जा आत. माझ्याच्यानं बघवत नाही."

"दारातच बस. तिला तू दिसायला हवीस."

मी आयुष्यभर लहान मुलांना शिकवलं. त्यातून एक कळलं: मूल नेमकं कशाला घाबरलंय, हे आपण फार लवकर ठरवून टाकतो. म्हणून तिच्या हाताचं नावच काढलं नाही. माझीही तपासणी राहिली होती. मी बाही वर केली.

"आजी, तुम्ही ओरडणार नाही ना?" रक्त काढणाऱ्या ताई म्हणाल्या.

"सुई बघून ठरवते."

भिंगरीने सुईकडे बघितलंसुद्धा नाही. ती भरत चाललेली नळी बघत होती. ताई नळी घेऊन उठल्या, तशी ती मागोमाग निघाली.

"कुठे?" भिंगरीने विचारलं.

दारातून लेक म्हणाली, "आई, मागच्या दोन्ही वेळी हेच विचारत होती. लोकांच्या नळ्या आत नेताना बघून. आम्ही आपलं, 'काही नाही होत, काही नाही होत.'"

ताई समजूतदार. त्यांनी तिला आतल्या टेबलाशी नेलं. नळी अर्धा तास उभी ठेवली. रक्त गोठलं तशी त्यांनी एका यंत्राचं झाकण उघडलं. आत गोल चकती, तिला कडेने खाचा. ताईंनी एका खाचेत माझी नळी ठेवली आणि बरोबर समोरच्या खाचेत पाण्याची.

"एकटी ठेवली तर यंत्र धडधडतं," त्या भिंगरीला म्हणाल्या. "समोर तेवढंच वजन लागतं. मग छान फिरतं."

भिंगरी कितीतरी वेळ त्या दोन खाचांकडे बघत राहिली. मग तिने पाण्याची नळी अलगद उचलली, ताईंच्या हातात दिली आणि आपला हात टेबलावर आडवा ठेवला.

ताईंनी पट्टा बांधला, सुई टोचली. तिचा खांदा एकदा थरथरला, पण हात जागचा हलला नाही. नळीतलं रक्त माझ्या नळीतल्या रक्ताएवढं वर आलं, तेव्हा तीच म्हणाली, "पुरे."

आणखी अर्धा तास थांबलो. मग आजी-नात समोरासमोर फिरलो. झाकणावर तळवा ठेवून ती यंत्राची घरघर अंगात घेत होती. लेक कधी आत येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

नळ्या बाहेर आल्या. खाली लाल, वर स्वच्छ पिवळं पाणी. इतकी वर्षं हे सगळं अंगात घेऊन फिरले, आणि बघितलं पहिल्यांदा. भिंगरीने दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरायला लावल्या. आधी माझ्या लालवर बोट टेकवलं, मग स्वतःच्या. तिचा लाल थर बोटभर खाली होता.

"कमी," ती म्हणाली.

"नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नसतं," ताई म्हणाल्या, पण नळ्यांवरून त्यांची नजर हलेना.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, ड जीवनसत्त्वही अपुरं. डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या, "यामुळे ती स्वमग्न झालेली नाही आणि औषधाने ती वेगळी कुणी होणार नाही. पण पाय शांत राहतील, झोप लागेल."

"तिला कसं सांगू?" लेकीने विचारलं.

"तिला माहीत आहे," मी म्हटलं. "तुला आणि मलाच सांगायचं राहिलं होतं."