खऱ्या यंत्रावर तपासलं

“हळू गं, तिला दम खाऊ दे!”

मावशी छापखान्यात संगणक चालवायची. शाळा सुटली की भाची तिच्या स्टुलाला चिकटून बसायची आणि बोट कीबोर्डकडे गेलं की हे ऐकायची. मळकट रंगाची ती पेटी घुंघुं करायची, पडद्यावर हिरवी अक्षरं उगवायची आणि मावशी गुणगुणायची:

एक आकडा निजला, एक आकडा जागला,
माझ्या पेटीच्या पोटात सारा गाव वसला.

मावशी गेली. छापखान्याने मोडीत काढलेली पेटी भाचीने घरी आणली. एव्हाना ती स्वतः प्रोग्रॅम लिहू लागली होती. देशोदेशीची माणसं मिळून एक सॉफ्टवेअर घडवत होती, कुणीही फुकट वापरावं असं. त्यात पेटीतल्या जुन्या प्रोसेसरची काळजी तिने अंगावर घेतली. तो बनवणाऱ्यांनी कधीच हात झटकले होते. पण दर नव्या आवृत्तीला ती पेटी सुरू करायची, सगळं चालवून बघायची आणि खाली एक ओळ लिहायची: ‘खऱ्या यंत्रावर तपासलं.’ त्या ओळीवर तो प्रोसेसर यादीत टिकून होता. ओळ थांबली की त्याचा कोड काढून टाकायचा, असा मंडळींचा नियम.

आठ महिन्यांपूर्वी पेटी उठलीच नाही. साधा दिवाही लागला नाही. सुटे भाग तिने धुंडाळले, कुठेच मिळेनात. मग तिने नव्या संगणकावर जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवला. सगळं सुरळीत चाललं, आणि सवयीच्या हातांनी तीच ओळ लिहिली. एकदा, दोनदा, तीनदा.

नक्कल फार मायाळू असते, हे तिला ठाऊक होतं. खरा प्रोसेसर जिथे ठेचकाळून पडतो, तिथे ती अलगद उचलून पुढे नेते.

दुपारी डोळा लागला की पेटीची घुंघुं कानात यायची. आकडे दिवे घेऊन गल्ल्यांतून चाललेले दिसायचे, आणि एकेक दिवा विझत जायचा.

“मावससासूबाई उठल्या का?” नवऱ्याने पेटीकडे बघत चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं.

“चेष्टा पुरे.”

“बरं, पुरे. पण सांगून टाक ना त्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना एकदाचं.”

“सांगितलं की काढून टाकतील रे. मावशीचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे?”

तो पेटीवरची धूळ बाहीने पुसून आत गेला.

तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, नमस्कार! बंदरावरनं बोलतोय. भरतीचं पाणी मोजतो मी. तुमचा नंबर तुमच्या त्या यादीतनं घेतला, रागावू नका हं.” मागे लाटांचा आवाज होता, पक्षी कलकलत होते. “आमच्या यंत्रात तोच प्रोसेसर आहे, तुमचा लाडका.”

तिला हसू आलं. “अजून चालतोय?”

“पळतोय! त्याच्या आकड्यांवर जहाजं आत घेतात. उद्या सकाळी त्यात तुमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकतोय. साहेब कुरकुरत होते, एवढ्या जुन्याचा भरवसा काय? म्हटलं, साहेब, ती बाई दरवेळी स्वतः यंत्रावर चालवून बघते, मगच लिहिते. गप्पच झाले! म्हटलं, आभार तरी मानावेत.”

तिच्या डोळ्यांपुढे पाणी आलं. डोळ्यांतलं नव्हे, बंदरातलं. संथ, करडं, आणि त्यावरून चुकीच्या आकड्याच्या भरवशावर सरकत येणारं भलंमोठं जहाज. खाली खडक. कोपऱ्यात पेटी मुकाट बसली होती.

“ताई? फोन कटला का?”

“नाही. आहे मी.”

“मग टाकू ना उद्या?”

“नका टाकू, दादा.” तिने पेटीवर हात ठेवला. “माझं यंत्र आठ महिन्यांपूर्वीच बंद पडलंय. ती ओळ... तिन्ही वेळा मी खोटी लिहिली.”