दौंडकराची टिकली

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. नुसता चाकू म्हटलेलं मला खपत नाही हं! माझ्या पोटात पक्कड आहे, दोन पाती आहेत, छोटी करवत आहे, स्क्रू ड्रायव्हर आहे. दोन मुठी मिटल्या की हे सगळं बिऱ्हाड सदऱ्याच्या खिशात मावतं.

माझे मालक मांडवगण फराट्याचे रखमाजी. पूर्वी ते मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायचे. नदीचं पाणी शेतावर आलं तसा त्यांनी कळप विकला आणि ऊस लावून एका जागी बसले. शहाण्णव-सत्त्याण्णव सालची गोष्ट. भाचीच्या लग्नाला निघाले असताना दौंड स्टेशनाबाहेर एका फेरीवाल्याच्या चादरीवर त्यांनी मला पाहिलं. उचललं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. गाडी शिट्टी मारून निघून गेली तरी ते मलाच निरखत उभे! हळदीला पोचायचे ते थेट अक्षतांना पोचले.

"लगीन बुडवून ह्यो पाव्हणा आणलाय व्हय?" घरी आल्यावर तानुबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीण, कडाडल्या.

"दौंडचा हाय. दौंडकर म्हणायचं त्याला," रखमाजी हसून म्हणाले. तेव्हापासून तेच माझं नाव पडलं.

काय दिवस होते ते! मोटारीचा फ्यूज गेला, दौंडकर आणा. सायकलची चेन अडकली, दौंडकर कुठाय? शेजारचे मारुतराव मोठे बागायतदार, पण त्यांनाही माझ्यावाचून चैन पडत नसे. "रखमाजी, तुमचा दौंडकर द्या जरा," म्हणत ते बांधावर उभे राहायचे आणि माझी छाती फुगायची.

तानुबाईंचा राग मात्र भुरीमुळे गेला. भुरी ही त्यांची मेंढी. वडिलांनी लग्नात आंदण दिलेल्या मेंढीचं वाण. कळप विकला त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या. ते एक वाण तेवढं त्यांनी हट्टानं दावणीला ठेवलं होतं. त्या भुरीच्या खुरात बाभळीचा काटा मोडला आणि मी तो अलगद उपसून काढला. झालं! त्या खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कोयत्या-विळ्यांच्या रांगेत पाटावर मला पहिला मान मिळाला. तानुबाईंनी माझं एक एक पातं उघडलं, तेल चोपडलं आणि प्रत्येक सांध्यात चिमूट चिमूट हळदीकुंकू भरलं. मग दर खंडेनवमीला तेच. मी तर हुरळूनच गेलो होतो.

पण मित्रांनो, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! तेल, कुंकू, खिशातली धूळ आणि तंबाखूचा चुरा यांचा सांध्यात लगदा झाला आणि लगद्याचा दगड. पातं उघडता उघडेना. रखमाजींना वाटलं, स्क्रू घट्ट बसलाय. त्यांनी तो सैल केला. तरी अडलं, म्हणून आणखी सैल केला. आता पातं उघडायचं खरं, पण म्हाताऱ्याच्या दातासारखं डुगडुगायचं.

एके दिवशी ते भुरीचे वाढलेले खूर साळत होते. पातं एका अंगाला कललं, खटकन मिटलं आणि त्यांच्या अंगठ्यात घुसलं. रक्ताची धार लागली.

"दर साली पुजला त्येनंच रगात काढलं!" तानुबाई चिडून म्हणाल्या. "आजच्या आज भीमेत सोडा त्येला."

"असू दे गं. मुकं हाय त्ये," रखमाजी म्हणाले. पण त्यांनीही मला पुन्हा खिशात घेतलं नाही. मी फडताळात खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो. मारुतराव एकदा विचारायला आले, तर त्यांना सांगितलं, "खराब झालाय त्यो." तो शब्द मला फार लागला.

त्यांचा मुलगा मल्हार कारेगावला कंपनीत कामाला होता. त्याची बायको मोनिका तिथल्या खोलीवर शिलाई मशीन चालवायची. नवरात्रात दोघं गावी आली होती, पूजेसाठी मशीनही टेम्पोत घालून आणलं होतं. खिळा शोधता शोधता मी मोनिकाच्या हाती लागलो. तिनं पातं दोन बोटांत धरून हलवलं, मग सुईच्या टोकानं सांधा उकरला. आतून लालभडक खपली निघाली.

"आबा, स्क्रूचा काही दोष नाही. सांध्यात हे काय भरलंय बघा!"

तानुबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी माझ्या पूजेनंच त्येचं वाटोळं झालं?"

"पूजेनं नाही, आत्याबाई, लगद्यानं. देवाला आपण निवद दाखवतो, तोंडात कोंबतो का?"

तानुबाईंना हसू आवरेना, आणि डोळेही भरले.

मोनिकाने मला रॉकेलच्या वाटीत भिजत घातलं. जुन्या टूथब्रशनं एक एक सांधा घासला, चिंधीनं कोरडा केला. मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. मग स्क्रू आवळायला घेतला. आता गंमत ऐका: माझ्या पोटात स्क्रू ड्रायव्हर, पण माझाच स्क्रू मला आवळता येत नाही! तिथं मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर कामी आला. थोडं आवळायचं, पातं उघडून बघायचं. जास्त झालं की केसभर सैल करायचं. आडवं हललं नाही पाहिजे आणि अंगठ्यानं सहज उघडलं पाहिजे, एवढं जमेपर्यंत ती हटली नाही. शेवटी स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून तिनं त्याच्या कडेला आपल्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. पोरीचा हात काय होता, वा! माझा जन्म झाला तेव्हाही कुणी मला इतक्या मायेनं जुळवलं नसेल.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तानुबाईंनी पाटावर हत्यारं मांडली, मलाही मांडलं. सगळ्यांना कुंकू लावलं. माझ्यापाशी बोट आलं, थबकलं आणि मागे गेलं. खरं सांगू, मी हिरमुसलो.

तेवढ्यात गोठ्यातून रखमाजींची हाक आली, "अगं ए! भुरी वाघुरीत गुतली! चाकू आण!"

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. गाभण भुरीनं त्यात मान घातली होती आणि हिसक्यागणिक नायलॉनची दोरी गळ्यात रुतत होती. तानुबाई पाटापुढे खिळून राहिल्या. पाटावर मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त होती. आणि तिकडे वडिलांचंच वाण घुसमटत होतं. कोयता-विळा काही त्या दोरीखाली जाण्यासारखा नव्हता.

"माफ कर बाबा," म्हणत त्यांनी मला उचललं आणि धावल्या.

रखमाजींनी मला उघडलं. "मागल्या बारीला अंगठा व्हता. आता नरडं हाय. पातं हाललं तर?"

"तुम्ही तिला धरा!" तानुबाईंनी मला हिसकावून घेतलं. दोरीखाली स्वतःचं बोट सारलं, म्हणजे पातं हललंच तर ते आधी त्यांना लागणार. त्यांच्या बोटाला चिकटून मी चालू लागलो. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. एक दोरी तुटली. दुसरी तुटली. तिसरीला भुरीनं मोठ्यानं श्वास घेतला, खोकली आणि तडक उभी राहिली. तानुबाईंनी बोट वर धरून पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"न्हाई हालला! माझा दौंडकर न्हाई हालला!" आणि त्या तिथंच बसून रडल्या.

घरात आल्यावर त्यांनी मला पुसून पुन्हा पाटावर ठेवलं. मग आरशावर चिकटवलेली एक टिकली काढली आणि माझ्या मुठीवर लावली. सांध्यापासून चांगली लांब.

"आत्याबाई, माझी टिकली!" मोनिका ओरडली.

"तुला शिरूरच्या बाजारातनं पाकीट आणीन. ही त्येची."

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. दावणीला भुरीच्या नाती आहेत आणि मी पुन्हा रखमाजींच्या खिशात आहे. तुमच्या घरातही एखादी कात्री असेल, अडकित्ता असेल, कुरकुरत असेल. त्याला नमस्कार जरूर करा, पण आधी त्याचा सांधा बघा. आमच्याकडे दर खंडेनवमीला आळीतल्या बायका आपापली हत्यारं घेऊन येतात आणि तानुबाई रॉकेलची वाटी पुढे सरकवून त्यांना दटावतात, "आधी आंगुळ, मग कुकू!"