खिळ्यावरचं रीळ

कारखान्यात चाळीस बाया आणि बाहेर जायला एक लाकडी रीळ. दोरा संपलेलं, सुतळी ओवून मुकादमाच्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवलेलं. ते जिच्या हातात असेल तिनेच संडासला जायचं, बाकीच्यांनी ती येईपर्यंत कळ काढत शिवत राहायचं.

थोरली शर्टांची काजं करायची. रक्तात साखर निघाल्यापासून तिला दिवसातून सात-आठदा उठावं लागे, आणि म्हातारा मुकादम रीळ देताना दरवेळी साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "पुन्हा?" त्या एका शब्दाच्या धाकाने तिने पाणी पिणंच कमी केलं होतं.

तिला सहन होत होतं, धाकटीला झालं नाही. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको, दोघींची चूल एकच. थोरलीनेच तिला कारखान्यात चिकटवली होती आणि सुईत दोरा ओवण्यापासून शिकवली होती. जावाजावांचं कधी पटत नाही म्हणणाऱ्यांची या दोघींनी तोंडं बंद केली होती. तर एका सकाळी धाकटीने मशीन बंद केली आणि उभी राहून म्हणाली, रीळ जाईपर्यंत एक टाका पडणार नाही. चाळीस मशिनी तीन दिवस गप्प राहिल्या. चौथ्या दिवशी मालकाने म्हाताऱ्याला घरी बसवलं, तुमचा मुकादम तुम्हीच निवडा म्हणाला, आणि बायांनी एकमुखाने धाकटीचं नाव घेतलं. धाकटीने रीळ काढून थोरलीच्या हातात ठेवलं.

"ताई, आता कुणाला विचारायचं नाही. तुम्ही मोकळ्या."

थोरली त्या दिवशी भर कारखान्यात रडली.

मग नवी पद्धत आली. सहा बायांची एक रांग: कॉलर, बाही, कफ, बाजूची शिलाई, काजं, बटणं. रांगेचा गठ्ठा संपला की सहाही जणी घरी, मग तीन वाजोत नाहीतर सात. कुणी कधी उठायचं, रांगेत कोण हवं, कोण नको, हे रांगेनेच हात वर करून ठरवायचं. मुकादम मध्ये पडणार नाही. याहून जास्त मोकळीक मागितली असती तर मागणाऱ्यालाच लाज वाटली असती.

पण थोरली उठली की तिच्या मशीनपाशी शर्ट साचत आणि बटणवाली रिकाम्या हातांनी दाराकडे बघत बसे. बोलत कुणीच नव्हतं. नुसते उसासे. म्हाताऱ्याला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता यायच्या, या पाच जणींना काय घालणार? त्यांची पोरं शाळेतून येऊन कुलपापाशी बसलेली असायची. थोरलीने पुन्हा पाणी कमी केलं, या खेपेस आपणहून.

महिनाभरात कफवाल्या चष्मेवालीचं नाव निघालं. हात हळू होता तिचा. तिला खाली तळघरात, पॅकिंगला धाडायचं आणि कफला दुसरी घ्यायची ठरलं. हात वर झाले, त्यात थोरलीचाही होता. ती गेली तर आपल्या उठण्याला जरा जागा होईल, असं तिच्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोला?

आणि एका दुपारी थोरली बाहेरून आली तर तिच्या खुर्चीवर एक नवी तरुण बाई बसलेली. हातात थोरलीचीच कात्री. पाचही जणींच्या माना सुयांवर.

"ठरलं, काकू, तुम्ही पॅकिंगला," कॉलरवाली मान खालीच ठेवून म्हणाली. "तुम्ही बाहेर होतात तेव्हा."

पॅकिंग म्हणजे तळघर, आणि संडास तिथून दोन जिने वर. थोरलीला ते किती जड जाणार, हे धाकटीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. थोरली तडक तिच्या टेबलाशी गेली.

"मी शब्द काढला नाही, ताई. रांगेने ठरवलं."

"आणि ही बाई काय आभाळातून पडली?"

धाकटीने कागद सारखे केले. "जागा रिकामी होणार हे सकाळी कानावर आलं होतं."

"सकाळी आपण दोघी समोरासमोर चहा प्यायलो."

"तेव्हा बोलले असते तर मुकादम जावेची बाजू घेते म्हणाल्या असत्या. आणि चष्मेवालीच्या वेळी हात तुमचाही वर होता."

परक्याने गळा दाबला तर माणूस हातपाय तरी झाडतं. हिने केसाने कापला होता. त्या दिवशी घरी दोघींनी एकाच ओट्यावर स्वयंपाक केला आणि एकमेकींकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने सुयांच्या डब्यात जपून ठेवलेलं ते रीळ काढलं, सरळ मुकादमाच्या टेबलामागे गेली आणि अडकवलं. खिळा अजून तिथेच होता, कुणी उपटला नव्हता.

"आता बाहेर जायला नाही म्हणायचं तर तू म्हण," ती धाकटीला म्हणाली. "तुझ्या तोंडाने. साऱ्यांसमोर."

मशिनी थांबल्या. मग बटणवाली उठली, कुणाकडे न बघता रीळ घेतलं आणि लगबगीने बाहेर पडली. तिच्यामागे बाहीवाली येऊन खिळ्यापाशी उभी राहिली. मग कॉलरवाली. बघता बघता सात जणी झाल्या. सकाळपासून दाबून बसल्या होत्या बिचाऱ्या, आणि रीळ हातात आलं की त्यांच्याकडे बघून कुणी उसासा टाकत नव्हतं. थोरलीला वाटलं, आता धाकटीची खरी पंचाईत.

धाकटीने रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ती चिडली नाही.

"बरं केलंत, ताई. बायांनाच हवं होतं, मला कुठे ठाऊक?" तिने कोरा कागद ओढून दोन ओळी लिहिल्या आणि पेन पुढे केलं. "रीळ बायांनी स्वतःहून परत आणलं, एवढंच लिहिलंय. मागणी तुमची, तेव्हा पहिली सही तुमची."

रांगेतल्या सातही जणी थोरलीकडे बघत होत्या, लवकर कर म्हणून. तिने सही केली. तिलाही केव्हाचं जायचं होतं. ती रांगेत आठवी जाऊन उभी राहिली, पाय आवळून.