कळसूबाईवर नेलेली सॅक

मी एक सॅक बोलतेय. निळी, दोन कप्प्यांची, पाठीवर घ्यायची. माझी एक चेन अर्ध्यात अडते आणि डाव्या पट्ट्याला तांब्याच्या तारेचा टाका आहे. दिसायला बरी राहिले नाही आता. पण पाठीला चिकटून राहणारीला माणसाचं जे कळतं, ते समोर बसणाऱ्याला कळत नाही. म्हणून सांगते.

जन्म कुठल्या तरी शहरातल्या शिलाईच्या गाळ्यात झाला, त्यातलं फार आठवत नाही. समज आली ती जालन्याच्या बाजारात, दुकानाच्या दारात टांगलेली असताना. येणारी माणसं उगाच माझी चेन ओढून बघायची, आत डोकावायची आणि पुढं जायची. एक दिवस एक जोडपं आलं. बाई पोटुशी होती. माझा पट्टा हातात धरून ती म्हणाली, "ह्यात लेकराचं समदं मावंल का?"

"लेकराचं काय, लेकरूच मावंल," तो हसून म्हणाला.

ती अर्पिता, तो तिचा नवरा हरिओम. आष्टीत त्याचं दुकान होतं; शेतातली पाण्याची मोटार जळाली की तिच्यात नवी तार भरून द्यायचा. ती परतूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. माझ्यात सगळ्यांत आधी भरली गेली ती टोपडी, दुपटी आणि सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, जुन्या लुगड्याची शिवलेली गोधडी. बाळंतपणाला मी त्यांच्याबरोबर जालन्याच्या दवाखान्यात गेले.

मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. थोडे दिवस झुंजली बिचारी, आणि गेली. अर्पिता तेव्हा वरच्या मजल्यावर तापानं फणफणत होती. हरिओम आणि त्याचे काका कारभारी लेकराला आष्टीला घेऊन गेले आणि शेताच्या बांधाला माती देऊन आले. आईला शेवटचं दाखवलं नाही. तिला सोसणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझ्यातल्या टोपड्यांची घडीही मोडली नव्हती. घरी आल्यावर तुळजाबाईंनी ती कुणाला तरी देऊन टाकली आणि मला कपाटावर ठेवलं.

कपाटावरून घर चांगलं दिसतं. अर्पिताचे डोळे भरले की सासू पाणी आणून द्यायची, "दुसरं व्हईल गं माय," म्हणायची. हरिओम दुकानातून आला की टीव्ही मोठा करायचा. त्या घरात वाईट कुणीच नव्हतं. सगळे तिला जपत होते, आणि जपता जपता लेकराचा विषयच निघेनासा झाला. नाव तरी कुठं ठेवलं होतं म्हणा.

पुढच्या हिवाळ्यात हरिओमनं मला खाली काढून धूळ झटकली.

"आपण दोघंच कुठं तरी जाऊ. कळसूबाईला जाऊ. महाराष्ट्रातला समद्यात उंच डोंगर हाये म्हणं."

"आपल्याला चढता येईल का?" अर्पितानं एवढंच विचारलं.

दोघंही सपाट मुलखातली. आष्टीत उंच म्हणजे पाण्याची टाकी. डोंगर चढायची दोघांची पहिलीच वेळ.

परतूरहून रेल्वेनं, मग जीपनं ती दोघं पायथ्याच्या बारी गावात पोचली आणि सकाळच्या उन्हात चढायला लागली. मी हरिओमच्या पाठीवर. थोड्याच वेळात त्याचा शर्ट भिजला, मीही भिजले. एका वळणावर तो घसरून मातीत फतकल मारून बसला, आणि अर्पिता हसली. अगदी मोठ्यानं. त्या हसण्यानं त्याची पाठ कशी सैल झाली, मला जाणवलं. पुढं कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आल्या. ती मधेच थबकली.

"खाली बघू नको. मी हाये मागं," तो म्हणाला. ती चढली.

वर देवीचं लहानसं देऊळ आणि सोसाट्याचा वारा. देवीला हात जोडून दोघं एका दगडावर बसली. चारी बाजूंनी नुसते डोंगर. इतकी जमीन उभी असते, हे दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"कसं मोकळं वाटून राह्यलं न्हाई का?" हरिओम म्हणाला. "घरी गेल्यावर बघ, समदं पहिल्यासारखं व्हईल."

अर्पिता डोंगरांकडं बघत होती. "तिचे केस कसे व्हते?"

त्याची पाठ एकदम ताठ झाली. "कुणाचे?" त्यानं विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"मी काचंतून बघितलं तवा टोपी व्हती डोक्याला. तुम्ही बघितलं ना तिला, नीट?"

मग तो म्हणाला, "काळे. लई व्हते. कानावर आल्ते. काका म्हणले, आईवर गेली पोर."

"आन् हे वरीसभर मला सांगितलं न्हाई."

"तुला तरास व्हईल म्हणून..."

"व्हायलाच पायजे व्हता तरास. लेक व्हती माझी." तिचा आवाज चढला नव्हता. "मला नाशिकला लॅबमधी काम मिळालंय. माझी बहीण वंदनाताई हाये तिथं, तिच्याकडं ऱ्हाईन. जायचं का न्हाई ते निघताना ठरलं नव्हतं. हितं बसल्यावर ठरलं. मला तुमचा राग न्हाई. पर त्या घरात मला रडायला जागा न्हाई."

त्याचं काळीज माझ्या अंगावर असं आपटत होतं, जसं आतून कुणी दार वाजवतंय. त्यानं माझ्या कप्प्यातून पाण्याची बाटली काढली आणि आधी तिच्या हातात दिली.

पण डोंगर उतरायला तर दोघंच होती. शिड्यांपाशी ती पुन्हा घाबरली. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. पाय ठेवायची जागा दिसत नाही. तो पुढं झाला, शिडीवर खाली उतरून त्यानं तिची टाच हातात धरली.

"पाय सोड. अजून जरा खाली. हां, बराबर. आता दुसरा."

सोडून जायला निघालेल्या बायकोचं एकेक पाऊल तो आपल्या हातानं शिडीवर ठेवत होता. शेवटच्या शिडीवर मात्र टाच धरलेला त्याचा हात सुटेना. गजावर कपाळ टेकून तो रडायला लागला. मूल गेल्यावर पहिल्यांदा. ती वर, दोन्ही हातांनी लोखंड धरलेलं; तिला त्याचे डोळे पुसता येईनात. तीही तशीच, जागच्या जागी रडली.

"ओ दादा, चला ना जल्दी!" वरून कुणी तरी ओरडलं. मग ती दोघं उतरली.

वाटेतल्या घोटी गावच्या स्टँडवर तिनं माझ्यातले आपले कपडे काढून एका कापडी पिशवीत भरले.

"नाशिकपर्यंत सोडू?" त्यानं विचारलं.

"नका येऊ. आलात तर मी माघारी फिरन."

त्यानं ऐकलं. ऐकायला नको होतं की काय, मला अजून कळलेलं नाही. परतीच्या गाडीत मी हलकी झाले होते आणि तो वाकला होता.

आता मी दुकानात असते. माझ्यात तांब्याची तार, पक्कड, पाने. तुळजाबाई रोज विचारायच्या, "सूनबाई कवा येणार?" हल्ली विचारत नाहीत.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर अर्पिताचा फोन आला. तिला बांधावरची ती जागा बघायची होती. हरिओम मला पाठीवर घेऊन, तसाच कामावरून उठून, मोटरसायकलनं परतूरच्या स्टेशनवर गेला आणि तिला थेट शेतात घेऊन आला. ती मातीवर हात ठेवून मोठ्यानं रडली. तो शेजारी बसला. तिनं विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं. नखं कशी होती, ओठ कसे होते, कशात गुंडाळलं होतं. काहीच लपवलं नाही. दोघं इतकं बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

मग ती म्हणाली, "गाडीची वेळ झाली."

पूर्वी ती मागं बसली की तो मला पुढं टाकीवर घ्यायचा आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर असायचा. त्या दिवशी त्यानं मला पाठीवरून काढलं नाही. तीही 'काढा' म्हणाली नाही. परतूरपर्यंत तो समोर रस्त्याकडं बघत राहिला, तिनं हात मांडीवर धरून ठेवले, आणि मधे मी, पक्कड-पान्यांनी भरलेली.

तुम्हा दोघांच्या मधे असं काही आलं असेल, तर बाबांनो, वेळेत उचलून बाजूला ठेवा. ते आपण होऊन हलत नाही. मला त्या दिवशी फार हलायचं होतं.