जाड तेल

गाडीच्या तेलाची बाटली लिनियाने रात्रभर बाहेरच्या पायरीवर ठेवली होती. दुपारी ती आत आणून तिने सासऱ्यांसमोर सिंकवर उलटी धरली. काहीच पडलं नाही.

"रिकामी असेल," रैनो म्हणाले.

तिने बाटली हलवली. तोंडाशी मधाच्या रंगाचा एक गोळा आला, काकवीसारखा लोंबला आणि तसाच थांबला.

"आपल्या गाडीत हेच आहे, उक्की." मेझी झाल्यापासून ती त्यांना नातीच्या वतीने उक्की म्हणायची, म्हणजे आजोबा. "तुम्ही हॅलोविनच्या आठवड्यात घातलंत. वीस-पन्नास नंबरचं, जाड."

"टकटक थांबली की नाही?"

थांबली होती, हेच तर खरं. चोवीस वर्षांची गाडी, दोन लाख मैलांच्या वर पळालेली. सकाळी सुरू केली की टकटक करायची. जाड तेल पडल्यावर गप्प झाली. पण लिनियाला त्या गप्पपणाचीच भीती वाटे. तापात पोर रडायचं थांबलं की आईला वाटते तशी.

उद्या नऊला मेझीच्या हृदयाची सोनोग्राफी होती. चौदा महिन्यांची पोर, हृदयाला भोक. ते मिटतंय की वाढतंय ते उद्या कळायचं. दुलुथचं हॉस्पिटल ऐंशी मैल. तारीख हुकली तर पुढची थेट एप्रिलमध्ये. नवरा डकोटात, तेलविहिरींवर. शेजाऱ्यांच्या ट्रकला मागची सीट नाही, बाळाची खुर्ची बांधणार कुठे? रात्री भिंतीतल्या विजेवर इंजिन उबदार ठेवणारा हीटर गेल्याच महिन्यात जळला होता. आणि आज रात्री पारा उणे तिसावर जाणार होता.

"बत्तीस वर्षं खाणीचे ट्रक सांभाळले मी," रैनो म्हणाले. "जुन्या इंजिनाला जाड तेल. म्हाताऱ्याला जाड गोधडी. तू आणि तुझं ते पुस्तक!"

गाडीचं पुस्तक टेबलावर उघडंच होतं. थंडीसाठी पाच-तीस, म्हणजे पातळ तेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं.

"उक्की, खाणीतले ट्रक हिवाळ्यात बंद कधी करायचात?"

"बंद? वेडी का तू? नोव्हेंबरात सुरू केले की एप्रिलपर्यंत चालू. पाळी बदलायची, ड्रायव्हर बदलायचा, इंजिन गार पडायचंच..."

ते मध्येच थांबले. सिंकवरचा गोळा अजून पडला नव्हता.

मग ते उठले आणि खुंटीवरची टोपी काढली. "पाच-तीस आणलंयस का, की नुसतीच अक्कल शिकवतेस?"

"आणलंय. जुन्या इंजिनांचं मिळतं ते. फिल्टरसुद्धा."

गाडी कुरकुरत सुरू झाली. वीस मिनिटं चालवून तेल तापवलं, मग बंद केली. मेझी आत झोपली होती. तिच्या खोलीतला आवाज ऐकवणारं यंत्र लिनियाने कोटाच्या खिशात घातलं आणि ती गाडीखाली शिरली. रैनोंच्या गुडघ्यांना आता ते जमत नव्हतं. ते टॉर्च धरून वाकले होते.

"चेंबरचा बोल्ट डावीकडे. डावीकडे, पोरी! नवऱ्यालाही असंच उलटं फिरवतेस का?"

"तो तुमचाच मुलगा, आधीच उलटा आहे."

काळं तेल परातीत पडलं. बोटांच्या चिमटीत घासून तिने ते उजेडात धरलं. बारीक चमक होती, अभ्रकाच्या धुळीसारखी.

"धातू आहे?"

रैनोंनी टॉर्च जवळ आणला. "थोडा." आणि मग हळूच, "कडाक्याच्या सकाळी तेल वर चढेपर्यंत इंजिन कोरडंच फिरलं असणार. मीच केलं ते."

तिने नवा फिल्टर घ्यायला हात बाहेर काढला.

सकाळी तिने चावी फिरवली. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. आणि लगेच टकटक, पूर्वीपेक्षा मोठी. मागे मेझीशेजारी रैनो मांडीवर पाच-तीसच्या दोन बाटल्या घेऊन बसले होते. मेझीला आवाज आवडला. ती पाय हलवू लागली.

चाळीस मैलांवर थांबून रैनोंनी तेल बघायची पट्टी काढली, चर्चला जायच्या पँटलाच पुसली, पुन्हा घातली. अर्धी बाटली ओतली. "पोहोचशील," एवढंच म्हणाले.

पोहोचली. नऊला दहा कमी. हॉस्पिटलच्या आवारात तिने चावीला हात लावला आणि तो तिथेच राहिला. आतलं काम तीन तासांचं. एवढ्या थंडीत, अशा इंजिनाने, पुन्हा सुरू झाली नाही तर?

"बंद करू नकोस," रैनो म्हणाले.

"पण तुम्हाला आत यायचं होतं. तुम्ही तर डॉक्टरला विचारायचे प्रश्न लिहून आणलेत."

"ते तू विचार." त्यांनी घडी घातलेला कागद तिच्या हातात दिला आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. "पाळी बदलली. जा."

वर तिसऱ्या मजल्यावर मेझीच्या उघड्या छातीवरून यंत्र फिरत होतं. डॉक्टरीण पडद्याकडे बघत होती, आणि बघतच राहिली होती. लिनियाने तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून खिडकीबाहेर टाकली. खाली, गाड्यांच्या रांगेत, एकाच गाडीमागे, त्यांच्याच, पांढरी वाफ उठत होती. ती अजून उठतेय ना, एवढंच ती बघत राहिली.