बाहेरच्या वाडग्यातले ढेकूण

त्या पत्रातल्या चुका काकांनी आल्या दिवशीच लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. उत्तर मात्र दिलं नव्हतं.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. समोर कागद आला की हात आपोआप समासाकडे जायचा. दोन स्वल्पविराम देऊन, एक वेलांटी पहिलीची दुसरी करून झाल्यावर मजकूर डोक्यात शिरला, तेव्हा त्यांनी पत्राची घडी घातली आणि टेबलाच्या खणात तळाशी सारली. त्याला आता चार महिने होत आले होते.

पत्र इमारतीच्या सेक्रेटरींचं होतं. सेक्रेटरी राहायचे भिंतीपलीकडे. त्यांची शिंकसुद्धा इकडे ऐकू यायची, पण पत्र त्यांनी रजिस्टर टपालाने धाडलं होतं. इमारतीत ढेकूण झाले आहेत. आपल्या भगिनी लोकांचे जुने कपडे घरात आणून त्यांच्या रजया शिवतात. उपद्रवाचं मूळ तेच. तरी हे काम ताबडतोब बंद करावं.

काकांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ताई खो खो हसल्या होत्या. ताई काकांहून पाच वर्षांनी मोठ्या, म्हणजे शहात्तर पूर्ण. नवरा गेल्यापासून भावाकडे राहायच्या आणि आतल्या खोलीत मशीन चालवायच्या.

"मूळ म्हणे! माझ्या पातेल्यातून आजवर कोण जिवंत बाहेर आलंय?"

बोलणं खरं होतं. ताईंची शिस्त कडक. गाठोडं आलं की ते बाल्कनीतच थांबायचं. तिथेच शेगडी, तिथेच ते न्हाणीएवढं पातेलं. एकेक कपडा खळखळत्या पाण्यात अर्धा तास. मग कडक उन्हात दोन दिवस. गाठोड्याचं फडकंसुद्धा उकळल्याशिवाय उंबरठा ओलांडायचं नाही. "ढेकणाला मंत्र लागत नाही रे, कढत पाणी लागतं," असं त्या म्हणायच्या.

मग काकांनी उत्तर का लिहिलं नाही? ताईंना वाटायचं, हा जन्माचा भित्रा. पण खरं कारण काकांच्या पलंगाखाली होतं. पत्र येण्याच्या महिनाभर आधी त्यांनी रद्दीच्या दुकानातून जुन्या पुस्तकांचं एक खोकं आणून तिथे सरकवलं होतं. ताईंना न सांगता. आणि पंधरवड्यातच त्यांच्या दंडावर लाल गांधी उठल्या, एका ओळीत तीन-तीन. चादरीच्या शिवणीशी शाईचे थेंब पडावेत तसे काळे ठिपके दिसले. ढेकूण आपल्याच खोक्यातून आले असणार, ही खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली होती. 'माझी बहीण निर्दोष आहे' असं लिहायचं तर पुढचं वाक्य लिहावं लागलं असतं. म्हणून ते गप्प बसले, आणि गप्प बसल्याची लाज वाटून आणखी गप्प बसले.

मग दुसरं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभा आहे; आपण काहीच कळवलेलं नाही, त्याअर्थी आपणांस आरोप मान्य आहे असं धरून ठराव मांडण्यात येईल.

त्याच आठवड्यात सकाळी एक बाई दारात आल्या. हातात गाठोडं. आई नुकतीच गेली होती, तिच्या कपड्यांची रजई करून हवी होती. ताईंनी गाठोड्यावरून हात फिरवला. "हात दुखतात हो हल्ली. होत नाही," म्हणाल्या आणि दार लावलं. काका पुस्तकाआडून बघत होते. ताईंचे हात कधी दुखले नव्हते. ताई कुणासमोर कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या आत गेल्या आणि मशीनवर कव्हर घालू लागल्या.

काका उठले. दोनदा खाकरले.

"ताई, ते... ढेकूण माझ्या पुस्तकांतून आले असतील."

"कुठल्या पुस्तकांतून?"

"पलंगाखाली एक खोकं आहे."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस? घोड्या, चार महिने मी जिन्यात लोकांच्या नजरा झेलतेय!"

"चुकलं."

"चुकलं काय चुकलं! काढ ते खोकं बाहेर."

खोकं बाल्कनीत पांढऱ्या चादरीवर रिकामं झालं. ताई भिंग घेऊन बसल्या, काका एकेक पुस्तक उघडून झटकू लागले. बांधणीच्या कण्याच्या आत, पुठ्ठ्याच्या घडीत, सगळीकडे पाहिलं. कसर होती. चंदेरी, सुळसुळ पळणारी. पानांना तिने नक्षी पाडली होती. पण ढेकणाचा ठिपका नाही, टाकलेली कात नाही, अंडं नाही.

"कसर रक्त पीत नाही," काका हळूच म्हणाले. त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. "पण ढेकूण आधीच उतरून गेले असले तर?"

"तू ना, स्वतःलाच फाशी देशील आणि दोरी नीट आहे का तेही तपासशील. कसं कळेल ते सांग."

कसं कळेल ते काकांनी कुठेतरी वाचलं होतं. दोघांचे पलंग भिंतीपासून हात-हातभर दूर ओढले. चादरी जमिनीला टेकणार नाहीत अशा खोचल्या. पलंगाच्या प्रत्येक पायाखाली एक गुळगुळीत वाटी, आणि ती वाटी एका पसरट वाडग्यात. दोन्हींना आतून पावडर चोळली, म्हणजे पडलेला ढेकूण घसरत राहील, चढणार नाही. वाडग्याला बाहेरून मात्र खरखरीत कागद चिकटवला, त्याला वर यायला सोपं जावं म्हणून. पलंगात राहणारा ढेकूण खाली उतरताना आतल्या वाटीत अडकेल. खोलीतून पलंगाकडे येणारा बाहेरच्या वाडग्यात.

"पाहुणचार बघा!" ताई म्हणाल्या. "जिना बांधून देतोय."

रोज सकाळी काका गुडघे टेकून मोजायचे आणि वहीत मांडायचे. तीन आठवडे. ताईंच्या खोलीत, मशीनच्या आणि चिंध्यांच्या ढिगाशेजारी, एकही नाही. काकांच्या पलंगाच्या आतल्या वाट्यांत पहिल्या आठवड्यात एक, नंतर काही नाही. बाहेरच्या वाडग्यांत सव्वीस. तेही रोज सारखे नाहीत. दोनदा सकाळी सेक्रेटरींच्या बाजूच्या भिंतीतून औषधाच्या फवाऱ्याचा उग्र वास आला होता, आणि दोन्ही वेळा पुढच्या दोन दिवसांत आकडा तिपटीने चढला होता.

ताईंनी मेन स्विच बंद केला आणि त्या भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचे स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके गिचमिड लिहिल्यासारखे पसरले होते. तारांची नळी सरळ पलीकडे गेली होती.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. सेक्रेटरी स्वतः आले होते.

"रविवारच्या सभेला याल ना, काका? तुमचं काही म्हणणं नाही असंच धरलंय आम्ही."

काका वहीची पानं चाळू लागले. ताई मात्र वाडगा घेऊन थेट दारात आल्या.

"हे बघा आमचे पाहुणे."

"अहो ताई, आत न्या ते! जिन्यात कुणी बघेल!"

"बघू देत. आमच्या घरात ढेकूण आहेत. चारही मजल्यांवर ओरडून सांगते, हवं तर. तुम्ही सगळे घरात गुपचूप फवारता आणि जिन्यात नाकाला रुमाल लावता!"

"आमच्या घरात ढेकूण नाहीत."

"मग फवारता कशाला?"

हे काका बोलले होते. सेक्रेटरींनी चमकून पाहिलं. सर्वांत जास्त काकाच चमकले.

"डास होते," सेक्रेटरी म्हणाले.

"बारा तारखेला आणि एकोणिसाला. फवाऱ्याने पाच मरतात, पंधरा भिंतीतून शेजारी पळतात. मग तो शेजारी फवारतो. ते तुमच्याकडे येतात. इतके महिने आपण नुसते त्यांना फिरवतोय."

"हे तोंडी मला सांगून काय उपयोग? सभेत लेखी लागतं. चार महिन्यांत दोन ओळी आल्या नाहीत तुमच्या." सेक्रेटरी वळले. मानेवर शर्टाच्या कॉलरखाली लाल गांधी होत्या, एका ओळीत तीन.

काका टेबलाशी बसले. ताई मागे उभ्या राहिल्या.

"लिही, ढेकूण सेक्रेटरींकडून आले."

"नाही लिहिणार."

"अजून घाबरतोस?"

"घाबरतोच. पण ते लिहिणार नाही कारण मला माहीत नाही. त्यांच्याकडे कुठून आले? आधी इथून गेले का? कुणालाच माहीत नाही. जे मोजलं तेवढंच लिहीन."

ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

काकांनी लिहिलं: 'आमच्या घरात ढेकूण आहेत. आम्ही ते लपवणार नाही, आणि त्यांची लाजही बाळगणार नाही. ढेकूण स्वच्छ-अस्वच्छ पाहत नाही, उबदार माणूस पाहतो. तीन आठवड्यांचे आकडे सोबत जोडले आहेत. कुणीही येऊन वाडगे तपासावेत. सर्व घरांनी एकाच दिवशी दारं उघडावीत. भिंतीतल्या भेगा आणि नळ्यांची तोंडं बुजवावीत, अंथरुणं उकळावीत, जाणत्या माणसाकडून एकदम औषध मारून घ्यावं, आणि अंडी फुटून जी पिल्लं निघतील त्यांच्यासाठी दोन आठवड्यांनी पुन्हा. तोवर कुणी एकट्याने फवारू नये. सुरुवात आमच्या घरापासून करावी. माझ्या बहिणीचं शिवणकाम बंद होणार नाही. तसा ठराव झाला तर आम्ही तो मानणार नाही. उत्तराला उशीर झाला, हा दोष माझा एकट्याचा.'

खाली सही केली. लाल शाईच्या पेनाकडे हात गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकिटाच्या दोन्ही बाजू वाचल्या.

"काका, पाठवणारा आणि घेणारा एकाच इमारतीत? एकाच मजल्यावर? हातात नेऊन दिलं असतंत की."

"हातात दिलं तर मी परत मागून घेईन," काका म्हणाले. "तुम्ही शिक्का मारा."

कारकून हसला, आणि त्याने शिक्का मारला.