पलीकडच्या काठावर पिवळं जाकीट

बाईंनी छत्तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढले. "श्वास घ्या, रोखा, सोडा" हे त्यांनी नवऱ्याला मारलेल्या हाकांपेक्षाही जास्त वेळा म्हटलं असेल. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांतच रिकामे हात खायला उठले, तेव्हा त्यांनी कॅमेरा घेतला. भिंगं बदलायची भानगड नाही, एकाच नळकांड्यात पासष्ट पट जवळ आणणारा. तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला येणारी मंडळी तोफेएवढाल्या लेन्स खांद्यावर टाकून यायची आणि बाईंच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, "छान आहे हो, हलका आहे." 'खेळणं' हा शब्द तेवढा सभ्यपणाने टाळायची. बाईंना त्याचं काही नव्हतं. जुन्या उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून त्यांनी एक पिशवी शिवली होती. ती कठड्यावर ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, बटण अर्धं दाबून धरायचं आणि श्वास रोखायचा. या वेळी स्वतःचा. पासष्ट पटीला हाताची नाडीसुद्धा चित्रात थरथरते.

घरी आल्यावर त्या नानांना फोटो दाखवायच्या. नाना म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनी जन्मभर वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना जेवणाच्या ताटात केस दिसावा तशी दिसायची. ते फोटो बघायचे, "वा, झकास" म्हणायचे, की बाई पुढचा लावायच्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नाना ग्रंथालयात जात. त्याच दिवशी तळ्यावरच्या मंडळींतले एक दाताचे डॉक्टर आपल्या गाडीतून बाईंना माळावर घेऊन जात, तिथे गवतातले पक्षी दिसतात म्हणून. गेले तीन महिने असंच चाललं होतं आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

एका मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला. गाडी सुरू होत नव्हती. नाना तोवर बाहेर पडले होते. बाई तयार होऊन बसल्या होत्या, तेव्हा घरी थांबायचं जिवावर आलं. त्या बस धरून तळ्यावर गेल्या.

तळ्यात लाकडी खांब आहेत. त्यातल्या एकावर खंड्या बसला होता. बाईंनी पिशवी ठेवली, पूर्ण झूम केला, आणि त्याच क्षणी पक्षी उडाला. एवढ्या झूममध्ये पक्षी सुटला की शोधत बसायचं नसतं. झूम मागे घ्यायचा, पक्षी पकडायचा, पुन्हा पुढे जायचं. बाईंनी तेच केलं. खंड्या पलीकडच्या काठावर गेला होता, रेलिंगवर. त्याच्यामागे एक राखाडी स्वेटर होता.

तो स्वेटर बाईंनीच विणला होता. उजव्या कोपरावर वेगळ्या लोकरीचं ठिगळ, कारण मूळ रंग संपला होता.

नाना एका बाईबरोबर चालले होते. चाळिशीची असावी. पिवळं जाकीट, आखूड केस. नानांनी तिचं कोपर धरलं होतं. डोळे मिटलेले, हनुवटी जराशी वर, आणि तोंडावर असं काही, की लग्नातल्या फोटोतसुद्धा ते आलं नव्हतं. मन लावून ऐकणारा, एका ठिकाणी पूर्ण हजर असलेला माणूस. तिने काहीतरी म्हटलं आणि नाना हसले.

बाईंचं बोट आपोआप दाबलं गेलं. कॅमेऱ्याने सटासट चौदा फोटो काढले. खंड्या एकातही नव्हता.

दुपारी जेवताना बाईंनी विचारलं, "ग्रंथालयात गर्दी होती का?"

"नेहमीसारखीच," नाना म्हणाले.

"काय वाचलंत?"

"काही नाही गं, चाळलं आपलं इकडचं तिकडचं."

इतकं सहज, की जणू खरंच. चाळीस वर्षांत या माणसाला चहात साखर कमी आहे हेसुद्धा आडवळणाने सांगता आलं नव्हतं, आणि आता खोटं बोलताना पापणीही लवली नाही. बाईंनी फक्त त्यांना आणखी भात वाढला. छत्तीस वर्षांची सवय होती ती. फोटो काढणाऱ्याने निदान सांगायचं नसतं. रोग्याने कितीही विचारलं, तरी "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायचं.

नाना लवंडल्यावर त्यांनी कार्ड संगणकात घातलं आणि चौदाही फोटो मोठे करून पाहिले. पाण्यावरच्या थरथरत्या हवेने कडा पाघळल्या होत्या. त्या बाईच्या हातात पांढरं, घडी केलेलं काहीतरी होतं. छत्री असावी. लख्ख उन्हात मिटलेली छत्री? की दोघांना काठावर बसायला अंथरायची चादर, असा एक खुळा विचारही येऊन गेला.

त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. बोलायला नको होतं, पण पोटात राहीना.

"ताई, मी तुला सांगते," बहीण म्हणाली, "शांत माणसांचा भरवसा नसतो. आमचे हे दिवसभर बडबडतात, त्यांना गुपित ठेवायला फुरसतच नाही. फोन तपासलास का त्यांचा?"

"शी! मी काय पोलीस आहे?"

"मग फोटो कशाला काढलेस चौदा?"

संध्याकाळी नाना अंघोळीला गेले, तेव्हा बाईंनी फोन उचलला. अक्षरं केवढाली करून ठेवली होती! दोन फुटांवरून कुणीही वाचावीत. 'ग्रंथालय' या नावाच्या क्रमांकावर आठवड्यात पाच-सहा फोन. बाईंनी तो क्रमांक आपल्या फोनवरून लावला.

"हं, बोला," पलीकडून एका बाईचा आवाज आला. मागे कुत्रं भुंकत होतं.

बाईंनी फोन ठेवला. कुत्रं पाळणारं ग्रंथालय त्यांनी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन दिवस त्या नानांकडे पेशंटकडे बघावं तशा बघत राहिल्या. आणि बघायला लागल्यावर काय काय दिसलं! वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहत होतं. नाना आताशा रेडिओ ऐकत होते. टेबलाच्या कोपऱ्याशी ठेवलेला पेला त्यांनी दोनदा पाडला. लक्ष कुठे आहे या माणसाचं! बाजूने हाक मारली की दचकत होते. बहिणीने फोनवर निकाल दिला, "मनात चोर असला की माणूस दचकतोच."

पण बाईंच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. एवढ्या लांबून काढलेल्या फोटोत अंतरं चपटी होतात. एकदा दोन राखी बगळे मानेला मान लावून उभे असल्याचा फोटो त्यांनी काढला होता, आणि नंतर चालत जाऊन पाहिलं तर दोघांत वीस पावलांचं अंतर होतं. एक्स-रेतही तेच. पुढचं हाड आणि मागचं हाड एकमेकांवर येतं. म्हणून बाजूनेही एक काढायचा असतो. बाजूने न बघता कुणाला फाशी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. शुक्रवारी डॉक्टरांना बरं नसल्याचं कळवलं, नानांना "माळावर जाते" असं सांगितलं. म्हणजे आता खोटं बोलणारी माणसं घरात दोन झाली.

तळ्याच्या टोकाला पंपाची खोली आहे. तिथून पलीकडचा रस्ता तिरपा दिसतो. बाई भिंतीआड उभ्या राहिल्या. पक्षी टिपायला लपणं वेगळं आणि हे वेगळं. पाण्यात टिबुकल्या बुडत होत्या, वर येत होत्या. एरवी बाईंनी दहा फोटो काढले असते.

नऊच्या सुमाराला पिवळं जाकीट आलं. मागून नाना. दोघं थांबली. त्या बाईने पिशवीतून काळी पट्टी काढली आणि नानांच्या डोळ्यांवर बांधली.

हा कसला खेळ?

मग तिने ती पांढरी घडी नानांच्या हातात दिली. नानांनी ती झटकली. खटखट उघडत तिची लांब काठी झाली. पिवळं जाकीट दूर जाऊन उभं राहिलं आणि नाना एकटे चालायला लागले. काठी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. रेलिंगच्या कडेकडेने येत होते. मग रेलिंग संपलं. तिथून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. नाना वळले नाहीत. कॅमेऱ्यात त्यांच्या बुटांना पाणी लागलेलं दिसत होतं, पुढचं पाऊल पाण्यातच, आणि ती बाई खुशाल हाताची घडी घालून उभी होती.

"अहो!" बाई किंचाळल्या. "अहो, थांबा! पाणी आहे!"

टिबुकल्या एकदम बुडाल्या. नाना जागच्या जागी थांबले, पट्टी बांधलेलं तोंड आवाजाकडे वळवलं.

"अगं, तू?" ते म्हणाले.

बाई पळत गेल्या. गुडघे दुखतात हे विसरल्या. जवळ गेल्यावर दिसलं, की पायऱ्या नानांपासून चांगल्या दहा पावलांवर होत्या. कॅमेऱ्याने तेवढी दहा पावलं गिळून टाकली होती.

"काही झालं नसतं," पिवळ्या जाकीटवाली शांतपणे म्हणाली. "कडा आली की काठी खाली जाते, ते थांबतात. आठवडाभर तेच शिकतोय. तुम्ही यांच्या मिसेस ना? मंगळवारी संध्याकाळी फोन करून ठेवून दिलात, तो तुमचाच होता का?"

बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाई नजर कमी होत चाललेल्यांना काठी घेऊन चालायला शिकवायची. हा रस्ता सपाट, गाड्या नाहीत, म्हणून सगळ्यांना इथेच आणायची. तिने नानांच्या खांद्यावर थाप मारली आणि "मी चहा घेऊन येते," म्हणून दोघांना सोडून गेली.

नानांनी पट्टी सोडली. बाकावर बसले.

"काचबिंदू," ते म्हणाले. "आठ महिने झाले कळून. बाजूचं सगळं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मधलं ठीक आहे, पण ते किती दिवस टिकेल, कुणी सांगत नाही. म्हणून आतापासूनच पट्टी बांधून शिकतोय."

"आठ महिने! आणि मी, जन्म रुग्णालयात काढलेली बाई, मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी कॅमेरा कपाटात ठेवला असतास आणि माझ्या मागे थेंबाची बाटली घेऊन फिरली असतीस. ओळखतो मी तुला."

"मग ते फोटो? रोज 'झकास, झकास' करत होता ते?"

"पक्षी फोटोत कुठे आहे ते सापडेपर्यंत तू पुढचा लावायचीस."

बाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो काही केल्या उतरेना. "मी तुमच्याबद्दल काय काय विचार केला, माहितीये? त्या बाईबद्दल?"

नाना खो खो हसत सुटले. "माझ्यावर? या वयात? अगं, बरं वाटलं ऐकून!"

"हसू नका. तोंडावर खोटं बोललात तुम्ही. इतकं सफाईने. आता मी कशावर विश्वास ठेवायचा?"

हसणं थांबलं. "तेही खरंच आहे," ते म्हणाले.

आणि तसंच झालं. बहिणीला "तसं काही नाही, डोळ्यांचं आहे" एवढं सांगून बाईंनी एक संशय मिटवला, पण त्या जागी दुसरा येऊन बसला. नाना "दिसलं" म्हणाले, की खरंच दिसलं का? त्या मुद्दाम खुर्ची जरा सरकवून ठेवायच्या आणि बघत राहायच्या. औषधाची बाटली उजेडात धरून थेंब कमी झालेत का ते पाहायच्या. चौथ्या दिवशी नाना सरकवलेल्या खुर्चीला अडखळले. सावरून शांतपणे म्हणाले, "माझी परीक्षा घ्यायची तर विचारून घे. मी उत्तर देईन. पण खुर्च्या हलवू नकोस, मी घर पावलांनी पाठ करतोय." बाईंना स्वतःची लाज वाटली. तरी त्या म्हणाल्या, "मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीही येणार. सगळे कागद मला बघायचेत."

त्या गेल्या. डॉक्टरांनी नजरेच्या तपासणीचे नकाशे टेबलावर मांडले. उरलेला भाग मध्ये नाण्याएवढा पांढरा, बाकी काळं. बाईंनी आठ महिन्यांचे तिन्ही नकाशे एकमेकांशेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. शेवटचे दोन सारखेच होते. "थेंब लागू पडताहेत," डॉक्टर म्हणाले. "आहे ते टिकवायचं." बाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारणार होत्या, पण नानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडायचा होता. बाईंनी नानांचा दंड धरला.

"सोड," नाना म्हणाले. "मला ऐकू दे."

त्यांनी काठी उघडली आणि कडेला उभे राहिले, मान किंचित झुकवून. डावीकडे, वळणाआडून एक गाडी येत होती. बाईंना ती दिसली. नानांना ती ऐकू आली असेल का? चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. काठीचं टोक कडेवरून खाली उतरलं. "अहो" हा शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि श्वास रोखून धरला.

टोक तिथेच थांबलं. गाडी समोरून निघून गेली. नाना अजून ऐकत होते.

"आता चल," ते म्हणाले, आणि पुढे निघाले. बाई एक पाऊल मागे राहून चालल्या.